वहीतला तारा

कोचकोर, २ मार्च

जिपार,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्ता सायरा मावशीनं दिला, तोही तीनदा मागितल्यावर. देताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिची धाकटी बहीण गेली आहे, तिला रागवायचा हक्क आहे. पण राग माझ्यावर कशासाठी, ते मला कळत नाही.

काल तुझ्या आईचे चाळीस दिवस झाले. मेंढा कापला, कणकेचे बोरसोक तळले, मुल्ला येऊन वाचून गेला. आईच्या माहेरची सगळी आली होती. जिपार कुठे आहे, असं चौघांनी विचारलं. रशियात नवीन नोकरी आहे, सुटी मिळाली नाही, असं मी सांगितलं. कोणाला ते पटलं नाही, पण पुन्हा कोणी विचारलंही नाही. तुझ्या आईच्या जागेवर नुरिला शेजारीण बसून चहा ओतत होती, तिनं माझ्या वाटीत साखर घातली. मी साखर घेत नाही, हे या घरात आता कोणाला ठाऊक नाही.

मी तुला परत बोलवायला लिहीत नाहीये. एवढंच सांगायचं आहे की मयतीच्या दिवशी मी जे बोललो ते रागात बोललो, पण त्यात खोटं काही नव्हतं. तूही ते मनातून मानतेस, नाहीतर माझी सर्किटांची वही बघितल्यावर एक शब्द न बोलता तू अशी निघून गेली नसतीस.

आपलं टेबल तुला आठवत असेल. माझ्या बाजूला राळेचा डबा, जुन्या टीव्हींतून उपसलेले सुटे भाग आणि जागोजाग जळलेलं लाकूड. तुझ्या बाजूला लॅपटॉप आणि चहाची वाटी, बाकी सगळं स्वच्छ. तू बिश्केकहून सुटीला आलीस की पहिल्या तासातच सुरू व्हायचं. "बाबा, आधी कॉम्प्युटरवर चालवून बघा, मग कथील जाळा." मी म्हणायचो, "तुझ्या कॉम्प्युटरला कधी चटका बसलाय का?" तू म्हणायचीस, मला पाच मिनिटांत जे कळतं त्याला तुम्हाला दोन दिवस आणि चार ट्रान्झिस्टर लागतात. मग आई म्हणायची की दोघांना एका पोत्यात घालून नदीत सोडते, कोण पोहत बाहेर येतं ते बघू. तेव्हा ते भांडण नव्हतं, आपण तिघंही हसायचो.

अडतीस वर्षं मी या तालुक्यातल्या पोरांना रेडिओ शिकवला. आधी सोविएत काळातल्या मुलांच्या पायोनियर भवनात, ते बंद पडल्यावर आपल्या घरात. माझ्या हाताखालून गेलेल्यांत तुझ्याइतका हलका हात कोणाचा नव्हता. सात वर्षांची असताना तू राळेचा धूर हुंगून सांगायचीस की सोल्डरचं लोखंड फार तापलंय. तीच तू पुढे सगळं पडद्यावर करायला लागलीस. तिथे राळ नाही, धूर नाही, चूक झाली तर काही जळत नाही. जळत नाही म्हणून शिकवतही नाही, असं माझं म्हणणं होतं आणि आहे.

तुला लहानपणी शिकवलेलं पुन्हा सांगतो. सर्किटच्या चित्रात ज्या भागाचा आकडा कागदावरून ठरत नाही, त्याच्या शेजारी आपण छोटा तारा काढतो. माझ्या गुरूंनी काढला, त्यांच्या गुरूंनी काढला, सगळ्या जुन्या रेडिओवाल्यांनी काढला. ताऱ्याचा अर्थ असा की हा आकडा नुसता अंदाज आहे. जोड, बघ, बदल, पुन्हा बघ, मग पक्का कर. तुझ्या प्रोग्राममध्ये ताऱ्याला जागा नाही. तिथे खणात आकडा भरावा लागतो, आणि एकदा भरला की कॉम्प्युटर त्याला खरा मानून चालतो.

कोळशाचा विषारी वायू साठला की वाजणारी जी घंटा मी बनवली होती, तिच्या चित्रात तारा एकाच ठिकाणी होता, त्या बारा किलो-ओहमच्या रेझिस्टन्सवर. वायू हुंगणारे सेन्सर एका कारखान्यातून, एका पेटीतून आले तरी सारखे नसतात. एक तिखट असतो, दुसरा मठ्ठ. म्हणून तो रेझिस्टन्स प्रत्येक घंटेत हातानं निवडावा लागतो. तू तारा पाहिला नाहीस. घरोघर वाटायला अकरा बोर्ड केलेस आणि अकराही बोर्डांवर बारा लावलेस. तुझ्या पडद्यावर घंटा वाजली, भिंतीवर वाजली नाही. मी नारिनला भावाकडे लग्नाला गेलेलो, आईनं ऊब टिकावी म्हणून निखारे विझायच्या आत धुराड्याची झडप लावली आणि त्या घंटेच्या खाली झोपली. सकाळी नुरिला आली तेव्हा घंटेवरचा हिरवा दिवा चालू होता.

हे लिहायचं नव्हतं, पण लिहून गेलो. तिकडे थंडी इथल्यापेक्षा जास्त असेल. मोजे आईनं विणलेले घाल.

बाबा


कोचकोर, २१ एप्रिल

जिपार,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं असं धरतो.

मार्चअखेर कासिम दारात आला. त्याच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत तुझी घंटा होती. म्हणाला, "मास्तर, रागावू नका. बायको म्हणते हे घरात नको." पिशवी उंबऱ्यावर ठेवून तो खाली मान घालून गेला. कासिमला मी सहावीत असताना पहिला रेडिओ बनवायला शिकवला होता. मी सहावीत नव्हतो, तो सहावीत होता. बघ, काय लिहितोय मी.

पिशवी दिवसभर तिथेच होती. संध्याकाळी आत आणली, बोर्ड उघडला आणि प्रथमच नीट पाहिला. आधी कधी पाहिलाच नव्हता. तू आणलास तेव्हा मी चष्मा नाही असं म्हणालो होतो. चष्मा खिशात होता.

मग मागच्या कोठारात लोखंडी डब्यात दोन निखारे घेतले, त्यावर घंटा धरली आणि वाट पाहिली. ती वाजली नाही. बारा काढून दहा लावला, तरी गप्प. आठ पॉइंट दोन लावल्यावर ती अशी कोकलली की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. मी तो रेझिस्टन्स सोल्डर केला आणि घंटा कासिमच्या भिंतीवर स्वतः नेऊन ठोकली. त्याच्या बायकोला डबा आणि निखारे दाखवले, दोनदा वाजवून दाखवली. तिनं नको म्हटलं नाही.

तेव्हापासून घराघरांतून फिरतोय. दहा झाल्या. दोन घंटा तुझ्या बाराच्या आकड्यावरही व्यवस्थित वाजत होत्या, त्या योगायोगानं. आठ बहिऱ्या होत्या. एकीला सहा पॉइंट आठ लागला, एकीला बावीस. ज्यांनी काढून फेकल्या होत्या त्यांच्या उकिरड्यातून आणल्या. अकरावी आपल्या घरातली आहे. तिला मी हात लावलेला नाही.

एक गोष्ट कबूल करतो. एका रेझिस्टन्सखेरीज तुझ्या बोर्डात खोट काढायला मला जागा सापडली नाही, आणि मी मनापासून शोधली. माझी घंटा बोरसोक तळताना बोंब मारायची, वारा आला तरी बोंब मारायची. तुझी मारत नाही. वीज कमीजास्त झाली तरी ती ढळत नाही, त्यासाठी तू जी युक्ती केली आहेस ती मला चाळीस वर्षांत सुचली नाही. दोन दिवस ती कागदावर काढून समजून घेतली. पडद्यावर तुला ती पाच मिनिटांत दिसली असेल.

नुरिलाच्या घरी घंटा दुरुस्त करत होतो तेव्हा ती म्हणाली, "मास्तर, हे निखाऱ्याचं तुम्ही हिवाळ्याच्या आधीच का नाही केलं?" मी म्हणालो, मला कोणी सांगितलं नाही. ती म्हणाली, "तुम्हाला सांगायला कोण लागतं?" मी हातातलं लोखंड खाली ठेवलं आणि चहा न घेता निघालो. हे तुला का लिहितोय ते माझं मलाच कळत नाही.

बाबा


कोचकोर, १० जून

जिपार,

थोडक्यात लिहितो. वर्षाचं जेवण मावशीनं बारा ऑक्टोबरला ठरवलं आहे. जानेवारीत घाट कधी बंद पडेल याचा नेम नसतो, पाहुणे अडकतात, म्हणून बर्फाच्या आधी करायचं. तू ये. तिकिटाचं मी बघतो.

मावशी म्हणाली, कोणत्या तोंडानं बोलावतोस. मी म्हणालो, बाप म्हणून. त्यावर ती जे बोलली ते तुला कळवतो, कारण तिनं कळव असं सांगितलं आहे. ती म्हणाली, "सत्तावन्न वर्षांची झाले, कितीतरी मयती पाहिल्या. दारुड्या पोरींना कोशोकचा विलाप म्हणताना पाहिलं, दहा वर्षं आईला न भेटलेल्या लेकींना पाहिलं. लेक कशीही असो, आईपाशी बसून रडायला तिला कोणी अडवत नाही. तू अडवलंस."

मी अडवलं, हे खरं आहे. अंगणात युर्तचा तंबू उभारलेला, आत बायका भिंतीकडे तोंड करून बसलेल्या, तू बिश्केकहून रातोरात आलेली, अंगावर आईचाच कोट. तू पहिली ओळ म्हणायला घेतलीस. मी बाहेर पुरुषांच्या रांगेत काठीला टेकून उभा होतो. तिथून मी उंबऱ्यावर आलो आणि म्हणालो, जिपारला बाहेर काढा, जिच्या हातून आई गेली तिनं आईसाठी रडू नये. मला वाटलं होतं कोणीतरी मला गप्प करेल. कोणी केलं नाही, कारण मी मास्तर.

बारा ऑक्टोबरला ये, आणि रड. मी मध्ये येणार नाही.

बाबा


कोचकोर, ३० ऑगस्ट

जिपार,

तुझं पत्र पोचलं. सहा महिन्यांत एकच पत्र आणि तेही अर्धं पान. मी ते पोस्टाच्या पायरीवर बसून वाचलं, मग घरी येऊन वाचलं, मग अकराव्या घंटेच्या खाली बसून वाचलं.

तू लिहितेस की तू बोर्डांचं काम सोडलं आहेस. लोखंड हातात घेतलं की बोटं थरथरतात आणि पडद्यावर सर्किट उघडलं की डोळ्यांपुढे हिरवा दिवा येतो, म्हणून गोदामात खोकी बांधायचं काम धरलं आहेस. तू लिहितेस की तू वर्षाच्या जेवणाला येणार नाहीस, कारण मी बरोबर बोललो होतो. पुढची ओळ मी इथे उतरवून काढतो, म्हणजे माझ्याही हातून ती एकदा लिहिली जाईल: "बाबा, रोज मी ती वही मनात उघडते. तुमचा तिरका बारा दिसतो, खालचा चहाचा डाग दिसतो, पण तारा काही केल्या आठवत नाही. वहीत तो स्पष्ट होता, मी नंतर डोळ्यांनी पाहिला. मग चित्र उतरवताना मला दिसला कसा नाही? मी इतकी बेफिकीर कधी झाले?"

जिपार, तुला तारा आठवत नाही, कारण तो तिथे नव्हता.

तू बेफिकीर नव्हतीस. पानावर जे होतं ते तू सगळं पाहिलंस आणि सगळं बरोबर उतरवलंस. तारा मी खोडला होता. आता सगळं सांगतो, क्रमानं सांगतो, म्हणजे पुन्हा पळवाट राहणार नाही.

गेल्या वर्षी सप्टेंबरात तू घंटेचं चित्र मागितलंस. म्हणालीस, एक घंटा एका घरात काय कामाची, आपण सगळ्या नात्यातल्या आणि ओळखीच्या घरांना देऊ, मी बोर्ड छापून मागवते. मला आनंद झाला होता. मग जेवताना तू कासिमला सांगितलंस की बाबांच्या चित्रांत आकडे कमी आणि तारेच जास्त असतात, सर्किट नाही, आभाळ काढतात. कासिम हसला, आई हसली. तू मायेनं म्हणाली होतीस. मला ते लागलं. पायोनियर भवन बंद पडलं तेव्हा लागलं नव्हतं, इतकं लागलं. मनात आलं, हिच्या पडद्यावर सगळं पक्कं असतं ना, मग माझंही पक्कंच दाखवतो.

तू झोपल्यावर मी दाढीचं पातं घेतलं आणि पानावरचा तो एकमेव तारा खरवडून काढला. सकाळी वही तुझ्या हातात दिली आणि म्हणालो, घे, यात एकही तारा नाही. तू खूश झालीस आणि माझ्या गालाचा मुका घेतलास. हेही तुला आठवत असेल. मग तू कशी ताऱ्याचा विचार करत बसलीस? मी तोंडानं सांगितलं होतं की यात तारा नाही. पण मयतीच्या दिवशी वहीत तारा पाहिल्यावर तू माझ्या शब्दापेक्षा वहीवर विश्वास ठेवलास, आणि स्वतःच्या कानांवर अजिबात ठेवला नाहीस. मीच तुला तसं शिकवलं होतं की कागदावर असेल तेच धरायचं.

हा पहिला गुन्हा. एवढाच असता तर अहंकार म्हणून सुटलो असतो.

नोव्हेंबरात तू घंटा घेऊन आलीस. आईनं माझी चहाच्या डब्यातली जुनी घंटा उतरवली आणि तुझी लावली. माझ्या लेकीची आहे, असं येईल त्याला सांगायची. दुसऱ्या दिवशी तिनं बोरसोक तळले. खोली धुरानं भरली, पण घंटा हूं की चूं करेना. आई म्हणाली, "बघा, किती शहाणी आहे. तुमचीसारखी बोंबलत नाही." मला त्याच क्षणी खरवडलेला तारा आठवला आणि वाटलं की ती शहाणी नाही, बहिरी आहे. कोठारात जाऊन डब्यात दोन निखारे घ्यायचे होते, अर्ध्या तासाचं काम होतं. मी मनात हसलो आणि गप्प बसलो. ठरवलं की तू नवीन वर्षाला येशील तेव्हा सगळ्यांसमोर निखाऱ्यावर धरून दाखवेन, तुझा पडदा आणि माझा हात यांतलं खरं काय ते. नवीन वर्षाला तुला सुटी मिळाली नाही. मी म्हटलं, मार्चमध्ये नवरोजला दाखवू. त्या भिंतीखाली मीही झोपत होतो, पण मी झोपायच्या आधी झडप बघायचो. तुझ्या आईला ती सवय नव्हती, कारण ते काम माझं होतं.

आणि मग मी नारिनला लग्नाला गेलो. जाताना घंटेकडे बघितलं. हिरवा दिवा चालू होता. आईला म्हणालो, झडप सांभाळ. ती म्हणाली, जिपारची घंटा आहे की, कशाला काळजी. मी तेव्हाही काही बोललो नाही. एका वाक्याचं काम होतं, जिपार. कोट घातलेला होता, गाडी दारात वाजत होती, ते वाक्य मी बोललो नाही.

तिसरं सांगतो. नारिनहून परत आलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. तुझ्या मावशीच्या नवऱ्यानं पहिलाच प्रश्न विचारला, मास्तर, तुमचं यंत्र का नाही वाजलं? त्यानं तुमचं म्हटलं, तुझं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मी आत गेलो. तुझी आई, माझी बुरुल, शेजारच्या खोलीत होती, बायका तिला न्हाऊ घालत होत्या, पाण्याचा आवाज येत होता. मी वही उघडली, शाईचं पेन घेतलं आणि तारा परत काढला. मग बाहेर येऊन वही दाखवली आणि म्हणालो, मी तर तारा काढला होता, पोरीनं पाहिला नाही. तू पोचायच्या आधी चाळीस माणसांना ते ठाऊक झालं होतं. तू आलीस, वही मागितलीस, पाहिलीस आणि तुझा चेहरा असा झाला की मला बोलायला तीच वेळ होती. मी बोललो नाही. उलट उंबऱ्यावर येऊन ते दुसरं बोललो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. तू आत बसून कोशोकमध्ये आईला काय काय सांगशील, याची मला भीती वाटली. पहिल्या पत्रातही मी तुला ताऱ्याचं प्रवचन दिलं. ते लिहिताना माझा हात थरथरला नव्हता, हे तुला कळू दे.

ते पान फाडून सोबत पाठवतो. उजेडात धरून बघ. बाराच्या शेजारी कागद पातळ झाला आहे, बोट फिरवलंस तर खरखर लागेल. खरवडलेल्या कागदावर शाई पसरते. त्या ताऱ्याच्या कडा फुटल्या आहेत, बाकी सगळ्या पानावर माझ्या रेघा स्वच्छ आहेत. तुझे डोळे चांगले आहेत, ते कायम चांगले होते.

माफी मागत नाही. मागायची असती तर मार्चमध्ये मागायला हवी होती. एवढंच म्हणतो की खोक्यांचं काम सोड. तुझा हात निर्दोष आहे. तुझा पडदाही निर्दोष आहे. त्याला जो आकडा दिला त्यावर तो प्रामाणिकपणे चालला. खोटं त्या दोघांत नव्हतं.

तुर्दुबेक

(बाबा लिहायला पेन उचललं होतं. तुला चालेल तेव्हा लिहीन.)


कोचकोर, १४ ऑक्टोबर

जिपार,

परवा जेवण झालं. तुला सगळं कळायला हवं, म्हणून लिहितो. मावशी फोनवर सांगेलच, पण ती तुझं मन जपायला काही गाळून सांगायची, आणि तसं व्हायला नको.

दीडशे माणसं आली होती. जानेवारीत अंगणात होते ते बहुतेक सगळे होते, मी मोजून पाहिलं. मुल्लाचं वाचन झाल्यावर, मांस वाढायच्या आधी मी उठलो. मावशीला आधी सांगितलं होतं, दुसऱ्या कोणाला नाही. मी म्हणालो की या अंगणात मी माझ्या लेकीवर आळ घेतला होता, तो खोटा होता. मग तारा, पातं, बोरसोक, पेन, सगळं तुला लिहिलं त्याच क्रमानं सांगितलं. मध्ये कासिमनं पाणी दिलं, मी प्यालो आणि उरलेलं सांगितलं.

कोणी ओरडलं नाही. मला वाटलं होतं मारतील, मारलं असतं तर बरं झालं असतं. तुझ्या आईचा मोठा भाऊ उठला, टोपी घातली आणि न जेवता घोड्यावर बसून निघून गेला. त्याच्या मागे सातआठ जण गेले. बाकीचे जेवले, कारण जेवण बुरुलच्या नावाचं होतं. माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. कासिम माझ्यासमोर मांसाचं ताट ठेवून गेला आणि पहिल्यांदाच मला मास्तर म्हणाला नाही.

जेवणानंतर कोशोकची वेळ झाली. बायका आत जाऊन बसल्या आणि मी बाहेर उभा राहून ऐकायला थांबलो. आतून काहीच आवाज येईना. मग सायरा मावशी बाहेर आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आज कोणी म्हणणार नाही. बुरुलसाठी पहिली तिची लेक रडेल. तिच्या आधी आम्ही रडायचं नाही." बायका एकेक करून बाहेर आल्या आणि भांडी घासायला बसल्या. वर्षाचं जेवण असं कोशोकवाचून संपलेलं या गावात कोणी पाहिलेलं नाही.

लोक गेल्यावर मी मावशीला विचारलं की तुझ्याकडून काही कळलं का. पत्र आणि पान पोचल्याला महिना झाला. मावशी म्हणाली, पोरीचा फोन आला होता. मग तिनं एकच विचारलं, बाबा घरात असतात का?

मी रात्रभर त्या प्रश्नाचा विचार केला. आधी वाटलं काळजीनं विचारलं असेल. मग कळलं, मी घरात असताना तुला यायचं नाही. मावशीला ते आधीच कळलं होतं.

तर ऐक. तू येशील तेव्हा मी घरात नसेन. कासिमचा डोंगरावर हिवाळी गोठा आहे, तिथे एक खोली आहे आणि चूल आहे. कासिम हो म्हणाला आहे. आपल्या घराची दुसरी किल्ली आजच मावशीकडे दिली. अकरावी घंटा मी काल निखाऱ्यावर धरली, तिला नऊ पॉइंट एक लागला, ती आता वाजते. तुझ्या खोलीत कोळसा भरून ठेवला आहे. घाटात बर्फ पडलं तरी थोड्या दिवसांत रस्ता उघडतो, त्याची घाई करू नकोस.

यायचं की नाही ते तुझं तू ठरव. ये म्हणायचा हक्क मी उंबऱ्यावर घालवला. आलीस तर दिवस फक्त मावशीला कळव. मला तो कळायची गरज नाही. ती येऊन मला एवढंच म्हणेल, जा. मी निघेन. दारातून रडत आत ये, आईला सगळं सांग, माझंही सांग, जे वाटेल त्या शब्दांत सांग. गावातल्या सगळ्या बायका थांबल्या आहेत.

हवे तितके दिवस राहा. मी खाली यायचं की नाही, तेही मावशीकडेच सांगून जा.

तुर्दुबेक